जुनं तारकंपाउंड काढतोय, निघालेला माल कायदेशीरपणे टाकायचा कुठं?

कुंपणकार | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी इथला जुना वाचनमात्र, म्हणजे नुसता वाचणारा, लिहीत नाही. कुंपणाची कामं घेतो, एकोणीस वर्षं झाली. चेनलिंक, काटेरी, सोलर झटका, रेडिमेड कंपाउंड, जे मिळेल ते. नवं घालायचं कसं हे मला कुणी शिकवायला नको. जुनं काढल्यावर त्याचं काय करायचं, हे मात्र आजवर कुणी सांगितलेलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सध्याचं काम मुळशी तालुक्यातलं. दोन एकर जागा, कडेनं साधारण १२०० फूट. मालक पुण्यात राहतात, जागा त्यांच्या वडिलांनी घेतलेली. जुनं काढून नवी जाळी मारायची आहे. मालक म्हणाले, "निघेल ते तुम्हीच न्या, मला रान मोकळं करून द्या." मी हो म्हणून बसलो.

काल नीट फिरून मोजलं. पाच पदरी काटेरी तार, गंजून लाल झालेली, दीडशे किलोच्या पुढंमागं भरेल. सिमेंटचे खांब शंभरेक, त्यातले निम्मे धड. गेटजवळ हिरवी प्लास्टिक चढवलेली जाळी. पश्चिमेच्या अंगाला वाऱ्यासाठी उभे मारलेले सिमेंटचे पत्रे, तीस. बंद पडलेलं झटका मशिन आणि त्याची फुगलेली बॅटरी. आणि रस्त्याच्या बाजूला खांब म्हणून उभे केलेले रेल्वेचे जुने रूळ, चोवीस! सात-सात फुटी तुकडे, एकेक उचलायला चार माणसं. खरं सांगायचं तर मी दर कमी लावला तो या रुळांच्या भरवशावर.

बाकीच्या मालाचं काय? आमच्या धंद्यात पद्धत ठरलेली आहे. लोखंड भंगारात, उरलेलं रात्री ओढ्यात नाहीतर बंद खाणीत. मीही केलंय. सात-आठ वर्षांपूर्वी एका कामाचे साठ-सत्तर मोडके खांब एका खाणीत ओतले. पुढच्या पावसाळ्यात तिथून जाताना पाहिलं, तर खाण पाण्यानं भरलेली आणि गावची पोरं वरून उड्या मारतायत. एक पोरगं बाहेर आलं ते मांडी धरून. खांबाच्या सळया पाण्याखाली वर तोंड करून होत्या. मी गाडीतून उतरलोसुद्धा नाही.

तेव्हापासून खाणीकडं गाडी वळत नाही. पण मग न्यायचं कुठं? अनुभवी लोकांनी सांगावं.

---

खडूस | सोमवार, रात्री १०.०५

भंगारवाल्याला फोन लावा. विषय संपला. यासाठी धागा?

---

निवृत्त_ओव्हरसिअर | सोमवार, रात्री ११.२०

कुंपणकार, रुळांना हात लावू नका. आधी हे पूर्ण वाचा.

रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा, १९६६ असा कायदा आहे. चोरीचा वाटावा असा रेल्वेचा माल तुमच्याकडं सापडला, तर तो माझ्याकडं रीतसर आलाय हे तुम्हाला दाखवावं लागतं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तपास करतं ते रेल्वे सुरक्षा दल, गावचं ठाणं नव्हे. रूळ बाभळीच्या दांडक्यासारखा अनामिक नसतो. त्याच्या पोटाच्या पट्टीवर उठावाची अक्षरं असतात, कारखाना, साल, वजनाचा प्रकार. घासून बघा, सापडतील.

याचा अर्थ मालकाचे वडील चोर होते असा नाही. रेल्वे जुने रूळ लिलावात काढायची आणि आजही काढते, आता ऑनलाइन. कितीतरी साखर कारखान्यांच्या आणि बंगल्यांच्या कुंपणाला असेच रूळ आहेत, अगदी कायदेशीर. पण लिलावाचा कागद मालकाकडं, आणि छोट्या हत्तीत चोवीस तुकडे घालून निघालेले तुम्ही! नाक्यावर तुम्ही काय दाखवणार? "मालक न्या म्हणाले" एवढंच?

यातूनच मूळ मुद्दा येतो. निघालेला माल कुणाचा, हे काम सुरू व्हायच्या आधी कागदावर आलं पाहिजे. सरकारी कामात तर फारच. जिल्हा परिषदेच्या शाळेचं कुंपण बदललं तर जुनी तार ठेकेदाराची होत नाही. ती मोजायची, रचून ठेवायची, डेडस्टॉकला (जुन्या वस्तूंच्या वहीत) नोंद, मग निर्लेखन म्हणजे वहीतून रीतसर कमी करणं, मग लिलाव. किंवा अंदाजपत्रकातच जुन्या मालाचं क्रेडिट धरलेलं असतं. मी नोकरीत असताना एका ठेकेदाराने तीन गुंडाळ्या तार परस्पर विकली. रक्कम किरकोळ होती, पण त्याचं बिल सात महिने अडकलं. सोसायटीतही तेच, वॉचमन म्हणाला म्हणून जाळी उचलायची नाही. समितीचा ठराव किंवा निदान सेक्रेटरीच्या सहीचं पत्र घ्या. भंगाराचे पैसे सोसायटीच्या जमेला लागतात.

---

कुंपणकार | मंगळवार, सकाळी ७.१५

ओव्हरसिअर साहेब, रात्री झोप नाही लागली हो. आत्ता साइटवर येऊन तारेच्या ब्रशनं घासलं. चार रुळांवर अक्षरं दिसली, एकावर १९२८ वाचता येतंय. मालकांना फोन केला. म्हणाले वडिलांनी लिलावात घेतल्याचं ऐकून आहे, कागद जुन्या घरातल्या ट्रंकेत असला तर असेल.

मी सांगितलं, ट्रंक उघडेपर्यंत रूळ जिथं आहेत तिथं. पोरांना तारेवर लावलंय.

---

शेतकरी_पोरगा | मंगळवार, सकाळी ८.४०

धडके खांब मला द्या! मस्करी नाही. ड्रॅगन फ्रूटला सिमेंटचाच खांब लागतो, दीड-दोन फूट जमिनीत, वर रिंग किंवा टायर. नवा घ्यायला गेलं की कंबरडं मोडतं. सात फुटी असेल, सळई उघडी पडली नसेल आणि आडवा ठेवून घणाच्या दांड्यानं वाजवल्यावर खणखणीत आवाज आला, तर चालतो. भद्द आवाज आला तर आतून तडा असतो. आमच्या भागात पानमळेवाले, दोडक्याचे मांडववाले सगळे जुने खांब शोधत असतात. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर दोन दिवसांत उचलून नेतील, भाडं त्यांचं.

आता एक तक्रार, तुमच्या सगळ्या धंदेभावांना. तार कापताना जे वितभर तुकडे पडतात ते कोण उचलतं? गेल्या वर्षी माझ्या बांधाचं काम झालं. नंतर रोटाव्हेटर घातला तर चौथ्या फेरीला खडखड. शाफ्टला अशी तार गुंडाळलेली की गॅस कटर आणावा लागला. सील गेलं, ऑइल गेलं, पेरणीचे दोन दिवस गेले.

---

डॉ_गोठा | मंगळवार, दुपारी १.३०

शेतकरी_पोरगा यांचा रोटाव्हेटर बोंबलतो तरी. गाय बोंबलत नाही.

मी पशुवैद्यक आहे. गाय-म्हैस चारा निवडून खात नाही, जीभ फिरवली की जे येईल ते आत. कडब्यातून, मुरघासातून तारेचा तुकडा गेला की दुसऱ्या पोटात, ज्याला जाळी म्हणतात, तिथं बसतो. ती पिशवी आवळली की तार पुढं टोचते. पुढं पडदा, आणि पडद्यापलीकडं हृदय. मग जनावर कोपरं बाहेर काढून उभं राहतं, उतार उतरायला नाही म्हणतं, चारा सोडतं, शेवटी गळ्याच्या पोळीत पाणी उतरतं. पाणी उतरल्यावर आम्हाला बोलावतात. तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

दावणीच्या जनावराच्या पोटात आम्ही चुंबक सोडतो, ते जाळीत बसून लोखंड धरून ठेवतं. पण रानात चुंबक फिरवणं त्याहून स्वस्त. काम संपलं की कुंपणाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट चुंबकाची दांडी ओढत न्या. पंक्चरवाले आणि फॅब्रिकेशनवाले वापरतात ती. कुंपणकार, एकदा करून बघा आणि किती निघालं ते वजन करून इथं टाका. मला खरंच उत्सुकता आहे.

---

काटा_आणि_वजन | मंगळवार, रात्री ९.००

आमचा भंगाराचा धंदा, तिसरी पिढी. खडूस साहेबांनी आमचं नाव घेतलं म्हणून लिहितो.

मोकळी काटेरी तार आणली की आमची माणसं हात लावत नाहीत, आणि भाव पडतो. आमच्याकडं भारी आणि हलका असे दोन ढीग. अँगल, रूळ, पाइप भारी. तार, जाळी, पत्रा हलका. पण तीच तार घट्ट गुंडाळीत आली तर प्रेसला सरळ जाते, भाव बरा लागतो. गुंडाळायला जुन्या मोटरसायकलचं रिम खुंट्यावर बसवा, एक माणूस फिरवतो, एक सोडतो. चामडी हातमोजे. आणि ताणलेली तार कापताना खांबाच्या आडून कापा. सुटलेली तार सापासारखी फिरते, माझ्या चुलत्याच्या भुवईवर तिची खूण आहे.

खांब फोडून निघालेली सळई आणाल तर काँक्रीट झाडून आणा. वजनात दगड आम्ही धरत नाही. 😄 हा माल शेवटी बहुतेक जालन्याच्या भट्ट्यांत जातो आणि पुन्हा सळई होऊन येतो.

हिरव्या प्लास्टिकची जाळी जाळून आणू नका. कामगार शेकोटीत टाकतात, प्लास्टिक जळतं, जाळी काळी होते आणि त्यांना वाटतं माल साफ झाला. तो पीव्हीसीचा धूर आहे, घशात आठवडाभर राहतो. खाली जस्ताचा मुलामा, त्याच्या धुरानं रात्री थंडीतापासारखं अंग भरून येतं. उघड्यावर कचरा जाळण्याला हरित लवादानं २०१६ सालीच दंड ठरवून दिलाय, साधं जाळलं तर ५००० रुपये, मोठा ढीग जाळला तर २५,०००. प्लास्टिकसकट आणा, घेतो. दर कमी, पण घेतो.

आता कागद. तुमचा जीएसटी नंबर नसेल आणि आमचा असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारावरचा कर आम्ही आमच्या खिशातून भरतो, उलट आकारणी म्हणतात ती. तुमचा नंबर असेल तर तुम्ही बिल फाडायचं. अडीच लाखांवरच्या सौद्यात नोंदणीवाल्याकडून नोंदणीवाल्यानं घेताना दोन टक्के कापूनच पैसे मिळतात. म्हणून विचारल्याशिवाय "रोख द्या, कागद नको" म्हणू नका. आम्ही आधार कार्ड मागतो ते हौसेनं नाही. चोरीचा माल घेतला तर भारतीय न्याय संहितेचं ३१७ कलम आमच्यावर येतं. आणि रूळ? माझ्या काट्यावर मी रूळ चढवू देत नाही. रेल्वेच्या लिलावाचा कागद असला तरी आधी फोन करतो.

---

मीनल_ठाणे | बुधवार, सकाळी ११.१०

मी पर्यावरण सल्लागार म्हणून काम करते. बाकी सगळे रुळांवर अडकलेत, मला धागाकर्त्याच्या यादीतले ते तीस पत्रे दिसतायत.

आधी सोपं. मोडके खांब, त्यांच्या बुडाचे काँक्रीटचे गोळे, विटा हे बांधकाम आणि पाडकामाचा कचरा. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो वेगळा ठेवायचा आणि स्थानिक संस्थेच्या संकलन केंद्रावर किंवा प्रक्रिया केंद्रावर द्यायचा. रस्त्यावर, नाल्यात टाकायचा नाही. त्या नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला प्रकल्पामागं ३०० टनांच्या वरच्यांना आराखडा वगैरे द्यावा लागायचा, तुम्ही त्यात बसला नसता. (२०२५ मध्ये नवे नियम निघाले, लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. त्यातली उत्पादकाची वाढीव जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि वरच्या प्रकल्पांवर आहे. छोट्यांना "टाकू नका" हे पूर्वीही होतं, आताही आहे.) पुण्याला वाघोलीत आणि पिंपरी-चिंचवडला मोशीत असं केंद्र आहे. मुंबईसाठी दहिसर आणि शिळफाट्याजवळ डायघर, रोज ६०० टनांची एकेक. गाडी भरायच्या आधी फोन करा, आणि माती, लाकूड, प्लास्टिक त्यात मिसळू नका. मिसळलेली गाडी दारातून परत येते. काट्याची पावती मागा. ग्रामपंचायतीत असं केंद्र नसतं, तिथं ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारून लेखी घेऊन भरावाला देता येतं. लेखी म्हणजे लेखी, "सरपंच हो म्हणाले" नव्हे.

बॅटरी भंगारात देऊ नका. बॅटरी कचरा नियम २०२२ मध्ये ती वेगळी परत करायची जबाबदारी वापरणाऱ्याचीही आहे. दुकानदार नव्या बॅटरीत जुनीचे पैसे वजा करतोच. फुगलेली आहे म्हणता, तर उभी ठेवा, आडवी करून नेऊ नका.

आता पत्रे. चाळीस वर्षांपूर्वीचा सिमेंटचा नालीदार पत्रा म्हणजे ॲसबेस्टॉस, असं धरूनच चालायचं. डोळ्यांनी ओळखता येत नाही. धड, रंगवलेला, शांत उभा असलेला पत्रा फारसा त्रास देत नाही. त्रास सुरू होतो तो तुम्ही घण घातल्यावर. तंतू उडतात, छातीत जातात, आणि आजार दिसायला वीस-तीस-चाळीस वर्षं लागतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली ॲसबेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं ठेवायला सांगितलं. तुमच्या साइटवरच्या पोराची नोंद कोण ठेवणार?

म्हणून पहिला सल्ला, शक्य असेल तर काढूच नका. नवी जाळी पुढून मारा, पत्र्याला रंग द्या, राहू दे. काढायचाच असेल तर आधी पाणी मारून ओला करा, पाण्यात थोडा साबण घातला तर चांगलं मुरतं. हूक बोल्टचं नट गंजलेलं असतं, त्यावर हातोडा घालू नका, ग्राइंडर तर नाहीच. बोल्ट कटरनं कापा आणि पत्रा अख्खा खाली घ्या. रुमाल बांधून काही होत नाही, एन-९५ सुद्धा पुरत नाही, पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क आणि तोही चेहऱ्याला घट्ट. कामाचे कपडे तिथंच भिजवून पिशवीत, घरच्या धुण्यात नाही. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, टेप लावून, वर लिहून ठेवायचे. काँक्रीटच्या चुऱ्याच्या (डेब्रिजच्या) गाडीत मुळीच नाही, कारण तिथं क्रशर आहे आणि क्रशर त्याची पूड करून सगळीकडं उडवेल.

शेवटी जायचं ठिकाण म्हणजे घातक कचरा पुरण्याची सुरक्षित जागा. पुण्याच्या बाजूला रांजणगाव, मुंबईकडं तळोजा, विदर्भात बुटीबोरी. तिथं जाताना फॉर्म १० ची पावतीमाला (माल कुणाकडून कुठं गेला याचा कागद) लागते आणि साठवणीला ९० दिवसांची मर्यादा आहे. पण ही सगळी व्यवस्था कारखान्यांसाठी बांधलेली आहे. तीस पत्रे घेऊन गेलेला कुंपणवाला तिच्या डोक्यात नव्हता. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात अर्ज द्या, मालकाच्या नावानं, फोटो आणि संख्या लावून, आणि पोच घ्या. उत्तर येईपर्यंत माल बंद करून त्याच जागेत.

---

खडूस | बुधवार, दुपारी १२.०२

आमच्या शाळेवर चाळीस वर्षं तोच पत्रा होता. अख्खी बॅच धडधाकट आहे. उगाच बाऊ.

---

मीनल_ठाणे | बुधवार, दुपारी १२.३०

शाळेत तुम्ही पत्र्याखाली बसत होतात, तो कापत नव्हतात.

---

भोरकर | बुधवार, दुपारी ३.१५

पण ताई, व्यवहार बघा. जुने पत्रे गावाकडं लोक आनंदानं नेतात, गोठ्याला, कोंबड्यांना. गरिबाचं छप्पर होतं. तुम्ही सांगता तसं करायचं तर पत्रा काढायचा खर्च नव्या पत्र्याहून जास्त.

---

मीनल_ठाणे | बुधवार, सायंकाळी ६.४५

खर्चाचं खरं आहे, नाकारत नाही. पण गोठ्यावर चढवताना नवी भोकं पाडतात, कोपरा बसला नाही की तोडतात, आणि ते करणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं की हे काय आहे. फुकट दिलं म्हणून धोका आपला राहिला नाही असं होत नाही. मी देणार नाही. तुम्ही दिलात तर निदान काय देताय ते सांगून द्या.

---

लीड्सकर | बुधवार, रात्री ११.५५

इकडची गंमत. वादळात आमच्या मागच्या अंगणातलं लाकडी कुंपण पडलं, म्हणून माणूस बोलावला. मी सवयीनं दर विचारला, त्यानं आधी मोबाइलवर त्याचा कचरा-वाहक नोंदणी क्रमांक दाखवला. इंग्लंडमध्ये बांधकाम-पाडकामाचा कचरा स्वतःच्या कामाचा असला तरी धंदेवाल्याला न्यायला वरच्या श्रेणीची नोंदणी लागते, आणि ती यादी कुणालाही ऑनलाइन पाहता येते. केंद्रावर माल देताना हस्तांतरणाची चिठ्ठी होते, ती दोन वर्षं जपायची. घरगुती कचऱ्याच्या केंद्रावर धंदेवाल्याला प्रवेश नाही. आणि माझं कुंपण कुठल्या गल्लीत टाकलेलं सापडलं, तर "कुणाला दिलं होतंत?" हा प्रश्न माझ्याही दारात येतो, १९९० च्या कायद्यानं. म्हणून इथली माणसं गाडीचा नंबरसुद्धा टिपून ठेवतात.

तरी टाकणारे टाकतातच, रानातल्या रस्त्यांवर ढीग दिसतात. आणि इकडं डोकेदुखी लाकडाची. जुन्या खांबांना आर्सेनिकचं औषध पाजलेलं, नाहीतर क्रिओसोट. शेकोटीला चालत नाही, भुसा करून बागेतही नाही.

---

निवृत्त_ओव्हरसिअर | गुरुवार, सकाळी ६.३०

क्रिओसोटवरून आठवलं. आपल्याकडं रेल्वेचे लाकडी स्लीपर फाटकाला, बांधाला वापरलेले असतात. काळे, उन्हात डांबराचा वास मारणारे. ते चुलीत घालू नका, बंबातही नाही. आमच्याकडच्या एका शिपायानं बंबात घातले आणि पाण्याला आठवडाभर तो वास येत होता.

---

पेडण्याचो | गुरुवार, सकाळी १०.२०

आमच्या गोंयात वाडवडिलांचा गडगा असायचा, चिऱ्यांचा सुका. पडला की तेच चिरे उचलून परत लावायचे. कचरा नावाला नाही. आता गडगा पाडून जाळी मारतात आणि चिरे रस्त्याकडेला. विकत घ्यायला गेलं तर चिरा किती महाग! तुमच्याकडं कुणाच्या कामात चिरे निघाले तर फोडू नका, रचून ठेवा, पंधरा दिवसांत गिऱ्हाईक येतं.

---

शेतकरी_पोरगा | गुरुवार, सकाळी १०.५०

कुंपणकार दादा, माझे खांब राखून ठेवलेत ना? चाळीस हवेत.

---

कुंपणकार | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८.१०

उशीर झाला, माफी असावी. हिशोब देतो.

रूळ: ट्रंकेत कागद निघाला! लिलावाची पावती, शाई उडालेली, पण वजन आणि शिक्का वाचता येतो. मालक त्याची प्रत घेऊन रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीत गेले, अर्ज देऊन पोच घेतली. तरी मी रूळ घेतले नाहीत. मालकांना म्हटलं तुमचे तुम्हीच ठेवा. त्यांनी त्यातले सोळा आहेत तिथंच ठेवून त्यांनाच नवी जाळी बांधायला सांगितली, आठ विहिरीच्या शेडला. आणि मी गेलो त्यांच्याकडं दर वाढवून मागायला. लाज वाटली, पण मागितला. रुळांच्या भरवशावर दर कमी लावला होता हेही सांगितलं. अर्धा फरक दिला त्यांनी. बाकी अर्धा माझी फी समजतो.

खांब: धड निघाले एकावन्न. चाळीस शेतकरी_पोरगा घेऊन गेला, वाजवून वाजवून, दोन परत टाकले. बाकीचे मालकांच्या शेजाऱ्यानं नेले. मोडके फोडून सळई काढली, दोन माणसं दीड दिवस. काँक्रीटचा चुरा मोशीला दोन खेपांत. पहिल्या खेपेत तळाला मातीची ढेकळं होती, दारावरच्या माणसानं फळका उघडून बघितलं आणि मान हलवली. बाजूला घेऊन हातानं निवडली तेव्हा आत घेतलं. पावती मालकांच्या फाइलला, प्रत माझ्याकडं.

तार: रिमवर गुंडाळली. १६४ किलो भरली. तीन दिवस लागणारं काम दीड दिवसात झालं, हे आधी का नाही केलं असं वाटलं. हिरवी जाळी प्लास्टिकसकट दिली. बॅटरी नव्यात वजा.

पत्रे: तीसमधले बावीस धड होते, ते तसेच ठेवून रंग दिला, जाळी पुढून. आठ फुटके होते, ते ओले करून काढले. आमचा एक पोरगा मास्क लावून दहा मिनिटांत वैतागला, काढून कानावर अडकवला. त्याला तारेवर पाठवलं आणि ते आठ मी आणि माझा भाऊ दोघांनी काढले. दुहेरी प्लास्टिक, टेप, वर मोठ्या अक्षरात लिहिलंय. पंपाच्या खोलीत कुलपात आहेत. मंडळाकडं अर्ज दिलाय, पोच आहे, उत्तर अजून नाही. मीनलताई म्हणाल्या त्या नव्वद दिवसांतले सोळा गेले. दर सोमवारी फोन करतो. उत्तर आलं की इथं टाकेन, कारण माझ्यासारखे बरेच असणार.

माझ्या कोटेशनच्या छापील कागदात आता दोन ओळी वाढवल्यात. "निघालेल्या मालाची मालकी: ______." आणि "जुना माल काढणे, वर्गवारी, वाहतूक व पावतीसह विल्हेवाट: वेगळा दर." काल एका गिऱ्हाइकानं दुसरी ओळ खोडून सही केली. ते काम मी घेतलं नाही. बायको बोलली थोडं.

डॉक्टर, चुंबकाचं तुमचं. फॅब्रिकेशनवाल्याकडून दांडी आणली, कुंपणाच्या दोन्ही अंगांनी ओढली. आमचं त्याआधी हातानं सगळं वेचून झालं होतं, पोरं म्हणत होती काही निघायचं नाही. २ किलो ३०० ग्रॅम. वितभर तारा, बांधणीची तार, यू-खिळे, जुने काटे, एक नालेचा तुकडा आणि एक चावी.

---

डॉ_गोठा | शनिवार, रात्री ८.३५

दोन किलो तीनशे! वेचून झाल्यावर! फोटो टाका, आमच्या शिबिरात दाखवतो.

---

काटा_आणि_वजन | शनिवार, रात्री ९.०२

तो सव्वादोन किलोही आणा, घेतो. चावी ठेवा तुमच्याकडं. 😄

---

खडूस | शनिवार, रात्री ९.४०

ती चुंबकाची दांडी भाड्यानं मिळते का कुठं? आमच्या बांधाचं काम निघालंय.